सेमी-डिटॅच्ड पिंजरकर सर

पिंजरकर सरांना "कसे आहात?" असं विचारायची सोय नाही. विचारता येतं, पण मग तिथं उभं राहावं लागतं. सर आधी चष्मा काढतात. सदऱ्याच्या टोकानं दोन्ही भिंगं पुसतात. रात्रीची झोप, गुडघा, अकोल्याचं ऊन या सगळ्याचा मनात अंदाज घेतात आणि मग म्हणतात, "सेमी-ओके."

एखाद्यानं घाईत "मजेत ना?" विचारलं तरी सुटका नाही. "मजेत नाई बाप्पा. सेमी-मजेत. अन् फुल मजेत कोण हाये इथं? सारेच सेमी."

हे "सारेच सेमी" म्हणजे सरांचं पालुपद. चौतीस वर्षं त्यांनी अकोल्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. इंग्रजी भाषेत लाखो शब्द असतील, पण सरांचा जीव अडकला तो अर्धेपणाच्या शब्दांत. सेमी, हेमी आणि डेमी. "सेमी लॅटिन, हेमी ग्रीक, डेमी फ्रेंच. तिघी सख्ख्या जावा. काम एकच, पण एकीच्या घरी दुसरी जाऊन राहात नाई," असं ते वर्गात सांगायचे. सेमीसर्कलला हेमीसर्कल म्हणणाऱ्या पोट्ट्याला ते बाकावर उभं करायचे, तेही एका पायावर. शिक्षासुद्धा सेमी.

मी त्यांचा विद्यार्थी. आता कोर्टाच्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, घर सरांच्या समोर. दहावीच्या सराव परीक्षेत सरांनी मला साडेचौतीस मार्क दिले होते. पस्तिसाला पास. मी रडकुंडीला येऊन सरांच्या घरी गेलो तर म्हणाले, "मले ठाऊक व्हतं तू येशीन. पुरे पस्तीस देल्ले असते तं आला असता का? नसता आला. बस आता." आणि दोन तास बसवून पॅसिव्ह व्हॉइस शिकवला. पोराला परत यायला लावायचं असेल तर काहीतरी अर्धं ठेवावं, हा त्यांचा शिकवायचा मंत्र होता. मला तेव्हा हा मंत्र जाच वाटायचा. खरं सांगतो, थोडासा अजूनही वाटतो.

सरांकडे एक काळी डायरी आहे. जो नवा सेमी शब्द कुठं भेटेल तो तिच्यात जातो. माझ्या बायकोनं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घेतली तेव्हा सर मुद्दाम बघायला आले. पाहुण्यांना मुलगी दाखवावी तशी तिनं त्यांना मशीन दाखवली. सर तिच्यासमोर पाच मिनिटं हात मागं बांधून उभे. "धुते मशीन, पिळाले मात्र माणूस लागते. असं?" "हो सर." "मस्त हाये. माणसाले काही काम ठेवलं त्यायनं." आणि डायरीत नोंद. भाचीच्या लग्नात सोनाराच्या दुकानात सेमी-प्रेशस खड्यांपाशी ते असे रमले, की खरे हिरे दाखवणारा सोनार हिरमुसला. क्रिकेटमध्ये ते फक्त सेमीफायनल बघतात. फायनलच्या दिवशी टीव्ही बंद. "फायनलमंदी एक जण जिंकते अन् मंग खेळ खतम. सेमीत अजून सगळ्यायची आशा जित्ती असते."

गल्लीतली पोरं त्यांना सेमी सर म्हणतात. मोठी माणसं अर्धवट म्हणतात. सरांना दोन्ही ठाऊक आहे. "अर्धवट म्हंतात त्यायचं बरोबर हाये. पुरा येडा असतो तं तुमी मले कवाच येड्यायच्या दवाखान्यात पाठवलं असतं."

लग्न केलं नाही. एकदा जमता जमता राहिलं, दर्यापूरकडची मुलगी होती. त्याबद्दल विचारलं तर सर एवढंच म्हणतात, "सेमी-एंगेज्ड व्हतो," आणि विषय बदलतात.

सरांच्या फाटकावर पाटी आहे: व. गो. पिंजरकर, एम. ए., बी. एड., सेमी-डिटॅच्ड. नव्या पोस्टमननं एकदा मला विचारलं होतं, ही शेवटची डिग्री कुठून मिळते? मी सांगितलं, वडिलांकडून.

ते खरंच होतं. सरांच्या वडिलांनी दोन मुलांसाठी एका छपराखाली दोन घरं बांधली. पूर्वेकडचं मोठ्याचं, भास्करदादांचं. पश्चिमेचं धाकट्याचं. मध्ये एकच भिंत, आणि स्वयंपाकघरातून स्वयंपाकघरात जायला एक दार. असं जोडून बांधलेलं घर म्हणजे इंग्रजीत सेमी-डिटॅच्ड. वडील गेले आणि दोन भावांचं बिनसलं. कशावरून, ते गल्लीत कोणालाच नीट माहीत नाही. मला वाटतं त्या दोघांनाही आता आठवत नसावं. पण दोघेही पिंजरकर, म्हणजे वाकणार नाहीत. आधी मधलं दार विटांनी बुजलं. मग अंगणात भिंत घालायचं ठरलं. गुलाब मिस्तरी आला, दोन दिवसांत भिंत कमरेपर्यंत आली आणि तिसऱ्या दिवसापासून मिस्तरी आलाच नाही. भिंत तशीच राहिली. आज वीस वर्षं झाली, ती कमरेवरच आहे. पावसानं वरच्या विटा काळ्या पडल्या, त्यांच्यावर मांजरं झोपतात.

या वीस वर्षांत दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. सकाळी दोघेही आपापल्या अंगणात दात घासायचे, मधे ती कमरेएवढी भिंत. एक पूर्वेकडं तोंड करायचा, एक पश्चिमेकडं. वहिनी होत्या तोवर बरं होतं. त्या रोज भिंतीवर एक झाकलेली वाटी ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. वाटी सर उचलायचे, धुऊन परत ठेवायचे. दादा त्या वेळी नेमके पेपरात डोकं घालून बसलेले असत. पेपर उलटा असला तरी चालायचं. चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, आणि दादांना त्यांचा मुलगा पंकज अमरावतीला घेऊन गेला. पूर्वेच्या दाराला कुलूप लागलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी सरांनी मला सांगू नको म्हणून बजावलं होतं. आमच्याकडं नळ रोज येत नाही. तीन-चार दिवसांआड येतो, कधी त्याहून उशिरा, आणि आला की सारी गल्ली बादल्या घेऊन धावते. अशाच एका नळाच्या दिवशी मी पाहिलं, सरांनी आपल्या टाकीतला पाइप काढला आणि अर्ध्या भिंतीवरून पलीकडं, दादांच्या टाकीत सोडला. कुलूप लागलेल्या घराच्या टाकीत! मी म्हणालो, "सर, तिकडं कोणी राहात नाही. आपलीच भरा ना पुरी."

"माई अर्धी भरली. बस झाली. पानी अर्धं-अर्धं व्हतं बाबांच्या वक्तापासून."

"पण ते पाणी पिणार कोण?"

"पिते कोनीतरी." पुढच्या वेळी नळ यायच्या आधी सर ते जुनं पाणी दादांच्या तुळशीला आणि मधल्या सीताफळाला घालायचे आणि टाकी पुन्हा ताजी भरायचे. "गजू, कोनाले सांगू नको. लोकायले वाटीन मी त्याची वाट पाहून राह्यलो."

मी मान हलवली. मनात म्हटलं, मग काय करून राह्यले सर?

गेल्या वर्षी पंकज माझ्या दुकानात आला. चांगला मुलगा, पण घाईचा. अमरावतीत त्याचं स्वतःचं घर, अकोल्याची पूर्वेकडची बाजू विकायला काढलेली. गिऱ्हाईक मिळालं होतं, पण ते अडून बसलं होतं, म्हणत होतं मधली भिंत सामायिक आहे, तर शेजारच्या मालकाचं संमतीपत्र आणा. म्हणजे सरांचं. "भाऊ, तुमीच जाऊन सही घ्या. काका माह्याशी बोलतात, पण बाबांचं नाव घेतलं की कान बंद होतात त्यायचे."

त्यानं पुढं केलेला संमतीपत्राचा मसुदा मी पाहिला. हातानं लिहिलेला होता, आणि अक्षर मी लगेच ओळखलं. भास्करदादा चाळीस वर्षं तहसीलीबाहेर अर्जनवीस म्हणून बसले होते. त्यांनी लिहिलेल्या दस्तात कोणत्याही वकिलाला एक चूक सापडायची नाही. चतुःसीमा तर अशा, की पूर्वेला काय, पश्चिमेला काय, कुणाचा गोठा, कुणाची विहीर, सारं डोळे मिटून बरोबर. माझ्या दुकानात जुने कारकून अजून त्यांचे दस्त नमुना म्हणून झेरॉक्स करून नेतात.

मी संमतीपत्र टाइप केलं आणि सरांकडं नेलं. सरांनी वाचलं. खिशातून लाल पेन काढलं. सही करायला नव्हे, तपासायला. आणि तिसऱ्या ओळीवर थांबले.

"हे काय लिहिलं? 'पश्चिमेच्या हद्दीत सीताफळाचे झाड.' चूक हाये. झाड माह्या हद्दीत नाई. मधोमध हाये."

आणि समासात लाल शाईनं लिहिलं: "झाड मधोमध आहे. खड्डा मी खणला, पाणी दादाने घातले. दुरुस्ती करावी." सही नाही. कागद परत.

मी पंकजला कागद दिला. तो चिडला. पंधरा दिवसांनी दुसरा मसुदा आला. झाड मधोमध आलं होतं. पण न्हाणीघर दक्षिणेला गेलं होतं. सरांनी लाल पेन काढलं. "न्हाणीघर उत्तरेस. दक्षिणेस बंब होता. दादाची टाच तिथे भाजली. मी कोरफड आणायला गेलो होतो. दुरुस्ती करावी."

पंकजनं मला फोनवर ऐकवलं, "हे काय लावलं भाऊ काकानं? दस्तात कोरफड कावून?"

"मला काय विचारता? दस्त तर तुमच्या वडिलांनी लिहिलाय. आधी त्यांना विचारा की न्हाणीघर दक्षिणेस कसं गेलं."

"बाबांनं सत्तर वर्सं त्याच न्हाणीत आंघोळ केली. इसरले असतीन. वय झालं."

मलाही तसंच वाटलं. माणूस म्हातारा झाला, दिशांची गल्लत व्हायचीच. पण तिसरा मसुदा आला तेव्हा मी जरा खोलात वाचला. लिहिलं होतं: "दोन्ही अंगणांमध्ये पूर्ण उंचीची भिंत आहे." हे मात्र फार झालं. मांजरंसुद्धा सांगतील की भिंत कमरेएवढी आहे.

सरांनी ही ओळ दोनदा वाचली. चहा निवला. मग लिहिलं, आणि या वेळी समास पुरला नाही, कागदाच्या मागं लिहिलं: "भिंत पूर्ण नाही. सेमी आहे. गुलाब मिस्तरीला मी थांबवले होते. मी त्याच्या घरी जाऊन सांगितले की उद्यापासून येऊ नको. हे कोणाला ठाऊक नाही. नोंद घ्यावी."

मी तो कागद हातात घेतला आणि सरांकडं बघितलं. इतकी वर्षं गल्ली समजत होती की मिस्तरी पळाला. "सर, तुम्ही थांबवली भिंत? मग बोलला का नाहीत?"

"दादाले भिंत पाह्यजे व्हती नं. त्याले वाटलं असतं, म्या त्याचं ऐकलं नाई."

"आणि तुम्हाला?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "मले नको व्हती," म्हणाले, "मले कदीच नको व्हती रे गजू." स्वतःच्या मनातलं काही सरांनी अर्धं न ठेवता पुरं सांगितलेलं मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

चौथा मसुदा तीन आठवड्यांनी आला. माझ्या दुकानात मी तो उभ्या उभ्या वाचला आणि टाइप करायचं राहूनच गेलं. दादांनी लिहिलं होतं: "अंगणातील भिंत अर्धी असून, मिस्तरीस काम बंद करण्याबाबत मालक भास्कर गोविंद यांनी त्याच दिवशी स्वतः सांगितले होते. पैसे पूर्ण दिले होते." आणि पुढच्या ओळीत, ढळढळीत चूक: "घर पूर्वाभिमुख आहे." ते उत्तराभिमुख आहे, हे आंधळाही सांगेल.

सरांना वाचून दाखवला तेव्हा ते आधी हसले. मग हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि तो बराच वेळ घातला नाही. "दोघायनंही थांबवला लेका त्याले! दोघायनं! अन् तो गुलाब दोन्हीकडून पैसे घेऊन घरी जाऊन बसला." वीस वर्षं एकाला वाटत होतं, दुसऱ्याला भिंत हवी आहे. दुसऱ्यालाही तेच वाटत होतं. एवढं शिकलेले दोघे, एक इंग्रजीचा मास्तर, एक चतुःसीमा लिहिणारा, आणि आपल्याच अंगणातली एक गोष्ट दोघांना कळली नाही. मला दोघांचाही राग आला. मग स्वतःचाही आला, कारण माझ्या सख्ख्या भावाशी मी शेवटचं कधी बोललो ते मला आठवेना.

सरांनी उत्तर लिहिलं: "घर उत्तराभिमुख. सकाळी दात घासताना दादा पूर्वेकडे तोंड करत असल्याने घोटाळा झाला असावा. दुरुस्ती करावी." कागद पंकजबरोबर गेला. आणि सर वाट बघायला लागले. मी लपवून ठेवत नाही, मीही बघत होतो.

महिना गेला. दोन महिने गेले. सर रोज दुकानावर यायचे, विचारायचे नाहीत, नुसते झेरॉक्स मशीनपाशी उभे राहायचे. "कसे आहात?" विचारलं तर "सेमी-ओके" म्हणायचे, पण सेमी जरा मोठ्यानं आणि ओके पुटपुटून.

मग पाचवा मसुदा आला. छापील होता. पंकजनं मोबाइलवर पाठवला, मी प्रिंट काढली आणि लगबगीनं सरांकडं नेली. सरांनी लाल पेन काढलं. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. पुन्हा पहिल्यावर आले. सीताफळ मधोमध. न्हाणीघर उत्तरेस. भिंत अर्धी, घर उत्तराभिमुख. एकही चूक नव्हती.

सरांच्या हातातलं पेन तसंच हवेत राहिलं.

"गजू, हा दादाचा नाई."

"वकिलाकडून करून घेतला असेल सर. पंकजला कंटाळा आला असेल."

"आमच्या घराचा दस्त दादा जित्ता असतांनी दुसरा कोनी लिहीन?" त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "अन् चूक कुठी हाये याच्यात? एक तरी दाखव मले. दादानं असतं तं एक तरी ठेवली असती."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सीताफळ, न्हाणीघर, भिंत, घराचं तोंड. चाळीस वर्षं चूक न केलेला अर्जनवीस एकाच घराच्या चतुःसीमांत दर वेळी नेमकी एक चूक ठेवत होता. कागद परत यावा म्हणून! माझ्या साडेचौतीस मार्कांची युक्ती, आणि ती सरांनी कुणाकडून शिकली होती तेही मला तेव्हाच कळलं. मी पंकजला फोन लावला.

पंकज म्हणाला, "बाबांले अटॅक आला भाऊ, मेंदूचा. दवाखान्यातून घरी आणलं आता. उजवी बाजू पुरी गेली, लिहिता येत नाई. काकाले कसं सांगू? वीस वर्सं बोलले नाई."

मी सरांना सांगितलं आणि आम्ही दोघं तसेच निघालो. अमरावतीची बस मिळाली, तिच्यावर "निमआराम" लिहिलेलं. एरवी सरांनी त्या पाटीखाली उभं राहून मला व्याख्यान दिलं असतं, की बघ, आपल्या मराठीनंही सेमीला कसं घरात घेतलं. त्या दिवशी त्यांनी पाटीकडं बघितलंही नाही. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. काळी डायरी खिशात होती, ती त्यांनी उघडली नाही. एकदाच म्हणाले, "त्याच्या टाचेचा डाग अजून असंल का रे?"

पंकजच्या घरी दादा खाटेवर होते. अर्धा चेहरा ओघळलेला. पंकज आम्हाला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगत होता, "हेमिप्लेजिया म्हणतात याले." हेमी! तीन जावांमधली मधली. मी चमकून सरांकडं पाहिलं. सरांचा हात खिशाकडं गेला नाही. हा एक शब्द त्यांनी डायरीत आजवर लिहिलेला नाही, आणि लिहिणारही नाहीत.

सर उंबऱ्यावरच उभे राहिले. आत जावं की नाही, हे वीस वर्षांनंतर त्यांना ठरवता येत नव्हतं. दादांनी डोळे उघडले. बघितलं. मग डावा हात हळूहळू उशीखाली गेला आणि तिथून चार कागद बाहेर आले. घड्या पडलेले, लाल शाईचे. पंकज ओशाळून म्हणाला, "मी म्हटलं फाडून टाका ते. त्यायनं ठेवले. रोज वाचायला लावायचे मले. कोरफड, बंब, सारं."

दादांचे ओठ हलले. अर्ध्या तोंडातून शब्द निघत नव्हता. शेवटी एकच निघाला. "चू... चूक?"

पाचव्या कागदात किती चुका आहेत, असं ते विचारत होते.

सर झटकन आत गेले आणि खाटेवर बसले, जणू काल तिथूनच उठून गेले होते. खिशातून पाचवा मसुदा काढला, त्यावर लाल पेन उघडलं. "लय हायेत दादा," ते म्हणाले, "सारा चुकीचा हाये. एक ओळ धड नाई. वकील गाढव हाये त्यो. हे पाह्य, इथी चूक, इथीबी चूक." आणि बरोबर असलेल्या प्रत्येक ओळीखाली ते लाल रेघा मारत गेले. सीताफळाखाली, न्हाणीघराखाली, भिंतीखाली. कागद लाल झाला. "हा नव्यानं लिहा लागते. म्या लिहून आनतो. तू तपासजो."

दादांचा अर्धा चेहरा हसला. दुसऱ्या अर्ध्याला हसता येत नव्हतं. मी आणि पंकज बाहेर ओट्यावर येऊन बसलो.

त्यानंतर घराचं गिऱ्हाईक कंटाळून दुसरीकडं गेलं. पंकजनं नवीन शोधलेलं नाही. दादा आता अकोल्याला येऊ शकणार नाहीत, हे त्यांनाही ठाऊक आहे, सरांनाही. पण दर शनिवारी सर निमआराम बसनं अमरावतीला जातात. पिशवीत हातानं लिहिलेला एक मसुदा असतो. आता चुका सर करतात. मुद्दाम, विचार करकरून करतात. शुक्रवारी दुकानावर येऊन मला विचारतात, "गजू, पिंपळ उत्तरेस होता का पूर्वेस? पूर्वेस ना? मंग उत्तरेस लिहितो." दादा डाव्या हातानं, पेन्सिलीनं त्या दुरुस्त करतात. डॉक्टर म्हणतात, हाताला चांगला व्यायाम आहे. एक ओळ दुरुस्त करायला अर्धा तास लागतो. सर थांबतात. घाई त्यांना पूर्वीही नव्हती.

मागच्या सोमवारी सर दादांनी शनिवारी तपासलेला कागद घेऊन दुकानात आले. एक झेरॉक्स काढायची होती. नेहमी ते दोन प्रती करतात, एक दादांच्या उशीखाली, एक स्वतःच्या. मी कागद मशीनवर ठेवता ठेवता वाचला. सरांनी लिहिलं होतं: "पूर्वेकडील घरात कोणीही राहात नसल्याने त्या बाजूची टाकी कोरडी असते."

"कोरडी" या शब्दावर पेन्सिलीची आडवी रेघ होती, थरथरलेली. तिच्यावर, पहिलीतल्या मुलासारख्या अक्षरात, एकमेकांपासून लांब लांब लिहिलं होतं: "भरलेली."

मी मशीन चालू करायचं विसरलो. "सर, तुम्ही सांगितलं दादांना?"

"मी नाई. मले वाटलं, तू."

"मी कोणालाच सांगितलं नाही, सर. शपथ."

सरांनी त्या शब्दावर बोट टेकवलं. मग त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि मी न विचारताच म्हणाले, "ओके हाये गजू. फुल."

मग म्हणाले, "नळ कवा हाये?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी नळ आला. सरांनी पाइप उचलला आणि आधी पलीकडच्या टाकीत सोडला.